ताट तेच, वाढप वेगळं

"मॅडम, भात सोडू का?" समोरच्या खुर्चीत टेकता टेकताच हा प्रश्न येतो. कधी भाताच्या जागी बटाटा असतो, कधी तूप, कधी रात्रीचं जेवणच. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन उतरवायचं ठरवलेला जवळजवळ प्रत्येक माणूस काय सोडायचं हे मनाशी पक्कं करूनच माझ्याकडे येतो. मी त्याला वेगळंच विचारते: तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागतं?

नवरा बायकोकडे बघतो. ती सांगते, "पाच लिटरचा कॅन येतो. महिनाअखेरीला वर एक पिशवी आणावी लागते." घरात खाणारी माणसं चार.

मग कागदावर हिशेब मांडायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप सगळं मिळून 27 ग्रॅम सांगितलं आहे. महिन्याचे झाले 810 ग्रॅम. एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असतं, म्हणजे माणशी महिन्याला एक पिशवीसुद्धा पुरी लागू नये. या घरात ती दीड लागते. जादाचं तेल रोजचं माणशी 18 ग्रॅम, आणि एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी. दिवसाला दीडशेहून अधिक कॅलरी कुणाच्या ध्यानीमनी नसताना पोटात जातात, आणि त्यात बाहेरचा वडापाव, भजी, फरसाण धरलेलंच नाही. भातावर एवढा राग असणाऱ्या माणसाला हा आकडा नवा असतो.

गेल्या काही वर्षांतली एक बाई मला नेहमी आठवते, कारण तिच्या ताटात आपल्याकडची निम्मी घरं दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय 46, उंची पाच फूट एक इंच, वजन 78 किलो, रक्तातली साखर काठावर. आधी मध-लिंबू करून झालं होतं, आठवडाभर नुसतं सूप झालं होतं, डब्यातली महागडी पावडरही घेऊन झाली होती. दर वेळी चार-पाच किलो उतरायचे आणि सहा महिन्यांत व्याजासकट परत यायचे.

मी विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"काही नाही हो, नेहमीचंच."

हे 'नेहमीचंच' उलगडायला वेळ द्यावा लागतो. उठल्यावर चहा, दोन चमचे साखर. मुलांचे डबे भरताना ओट्याशी उभ्या उभ्या गरम पोळीचा तुकडा, चटणी लावून. शाळेत पोचल्यावर चहा. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दुपारी शिक्षकांच्या खोलीत कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून पेढा. घरी आल्यावर चहा आणि सोबत वाटीभर फरसाण, "कारण तेव्हा भूक सहनच होत नाही." सात वाजता पाहुण्यांबरोबर आणखी अर्धा कप. रात्री दोन भाकरी, वांग्याची भाजी, भात-आमटी. मी वही मिटणार एवढ्यात ती म्हणाली, "आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात थोडा भात उरतो. एवढ्याशासाठी फ्रिजमध्ये काय ठेवायचा? अन्न टाकवत नाही."

ही शेवटची ओळ पुरुषांच्या तोंडून मी फारशी ऐकलेली नाही. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते, आणि मुलांच्या ताटातलं, डब्यात परत आलेलं, पातेल्याला लागलेलं सगळं तिच्या पोटात जातं. ते तिच्या हिशेबात येतच नाही, कारण ते तिनं वाढून घेतलेलं नसतं. तिला "खाण्यावर ताबा ठेवा" म्हणून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ताबा ठेवायला आधी तिच्यासाठी वेगळं वाढलेलं ताट तरी हवं. तिला मी सांगितलेली पहिली गोष्ट हीच होती: सगळ्यांबरोबर, ताट वाढून घेऊन, बसून जेवायचं. आणि भाताला तांदूळ घेताना अर्धी वाटी कमी घ्यायचे. रात्री उरलाच, तर डब्यात घालून फ्रिजमध्ये; सकाळी कांदा आणि मटार घालून तोच तिचा नाश्ता. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे. पण ते त्याच रात्री त्याच बाईनं संपवावं असं त्या संस्कारात कुठंही म्हटलेलं नाही.

आता तिच्या दिवसाकडे पुन्हा बघा. भाजी म्हणून बटाटा आणि रात्रीच्या चार फोडी वांगं. फळ नाही, दही-ताक नाही. आमटीत डाळ होती, पण चौघांत मूठभर, म्हणजे तिच्या वाटीत जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ आणि त्यातून मिळणारी तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. जेवणात प्रथिनं आणि चोथा दोन्ही कमी असले की पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन तासांत पुन्हा मोकळं होतं. संध्याकाळी तिला फरसाणाकडे ओढणारी भूक खरी होती. ती दुपारच्या डब्यानं तयार केलेली होती.

पोषण संस्थेच्या त्याच पुस्तिकेत दिवसाच्या ताटाचं चित्र आहे. धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, पालेभाज्या धरून भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारखा सुका मेवा आणि तेलबिया 35 ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या जिनसांची. मांसाहार करणाऱ्यांना डाळींचा काही भाग अंडी, मासे, मटणातून घेता येतो. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांच्या वर जाऊ नये असंही त्यात सांगितलं आहे. आपल्याकडे नेमकी इथंच गडबड आहे. भाकरी किंवा पोळी ताटाच्या मधोमध, भात तिच्या शेजारी, आणि भाजी नुसती लावून खायला. मला एवढंच हवं असतं की लावून खायची वस्तू पोटभर खायची व्हावी आणि पोटभर खायची वस्तू जरा मागे सरावी.

त्या शिक्षिकेच्या ताटात आम्ही हेच केलं. आमटीच्या जागी आठवड्यातून चार दिवस मटकी, मूग, चवळी किंवा हुलग्याची उसळ, वाटी भरून. चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीतून नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. जेवायला बसल्यावर आधी काकडी-टोमॅटोची नाहीतर मुळ्याची कोशिंबीर संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. भाकरी दोनाऐवजी एक, भात दोन घास हवाच असेल तर तो. डब्यात दोन पोळ्या आणि दुप्पट भाजी, त्यातही आठवड्याला तीनदा तरी मेथी, शेपू, चाकवत, माठ यांतलं काही. संध्याकाळी फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक. चहा तिनं सोडला नाही, मीही सांगितला नाही. साखर मात्र दोन चमच्यांवरून एकावर आणली, पुढं अर्ध्यावर.

हिशेब सोपा आहे. मोठ्या भाकरीत साठ-सत्तर ग्रॅम पीठ, म्हणजे दोनशेहून जास्त कॅलरी. साखरेचे पाच चमचे कमी झाले, त्या शंभर. पन्नास ग्रॅम फरसाणात पावणेतीनशे कॅलरी असतात, तीस ग्रॅम फुटाण्यांत त्याच्या निम्म्याहून कमी. तेल आटोक्यात आलं, तिथल्या दीडशे. उसळीमुळे थोड्या वाढल्या. गोळाबेरीज दिवसाला साडेचारशे-पाचशेची तूट, आणि बाई उपाशी नाही. वर्षभरात तिचं वजन 78 वरून 70 वर आलं. ऐकणाऱ्याला हे फारच सावकाश वाटतं. पण अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात उद्दिष्ट होतं वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी खाली आलं. सात टक्के म्हणजे या बाईच्या बाबतीत साडेपाच किलो. दवाखान्यात येणाऱ्याच्या डोक्यात पंधरा-वीस किलोंचा आकडा असतो, आणि तो गाठता येत नाही म्हणून तो पाच किलोंचा फायदाही सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

झटपट वजन का उतरतं आणि का परत येतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपानं साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. धान्य एकदम बंद केलं की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो तो मुख्यतः त्यामुळे. पुढं उपास लांबला की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि शरीर खर्च आवरायला लागतं, जसं उत्पन्न घटलं की घर आवरतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम गाजला होता. त्यातल्या 14 स्पर्धकांना केव्हिन हॉल या शास्त्रज्ञानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं, पण शरीर मात्र विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमीच वापरत होतं. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला.

त्याहून जुना प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना कसं सावरायचं हे शिकण्यासाठी ते तरुण स्वेच्छेनं तयार झाले होते. त्यांना दिवसाला 1570 च्या आसपास कॅलरी मिळायच्या आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायचं असे. काही आठवड्यांत ती मुलं चिडचिडी, उदास झाली, एकमेकांपासून तुटली. अन्नावाचून दुसरा विषय सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसू लागले. आपल्याकडे मोबाइलवरून फिरणारे कित्येक तक्ते 1570 च्याही बरेच खाली असतात. असा तक्ता चौथ्या आठवड्यात मोडला की माणूस स्वतःला बोल लावतो. माझ्यासमोर बसून रडलेली माणसं आहेत. त्यांना मी मिनेसोटाची ही गोष्ट सांगते, कारण आपलं मन कमकुवत आहे हा समज त्यांच्या डोक्यातून आधी काढावा लागतो.

महाराष्ट्रात गेली काही वर्षं घराघरांत एक वाद रंगतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोचवलेली पद्धत म्हणते, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं खा, तुपाला भिऊ नका. लोक मला विचारतात, खरं कुणाचं? दोन्हींनी फरक पडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन्हींत मला समान दिसतं ते हे: बिस्किटं, साखरेचा चहा, येता-जाता तोंडात टाकायचा चिवडा या सगळ्याला कात्री लागते आणि माणूस चालायला लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 लोकांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 साली आला. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. भाज्या भरपूर, साखर-मैदा कमीत कमी, हे दोघांनाही. वर्षाअखेरी एका गटाचं सरासरी वजन 5.3 किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोंनी; या फरकाला सांख्यिकीच्या दृष्टीनं अर्थ नव्हता. म्हणून मी पद्धतीपेक्षा माणूस बघते. एसटीच्या चालकाला दोनदा जेवणं जमतं. ज्याला इन्सुलिन चालू आहे त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये, कारण साखर एकदम खाली जाऊन ते जिवावर बेतू शकतं.

सोलापुरात राहून भाकरीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्याकडची कडक भाकरी लांब लांब जाते. लोकांना वाटतं पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरतं. शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम गव्हात कॅलरी जवळपास सारख्याच, आणि एक मोठी भाकरी म्हणजे अडीच-तीन फुलके. भाकरीची बाजू दुसरीकडे आहे: तिला तेल लागत नाही, ती चावावी लागते आणि तिच्यात मैद्यासारखा कोंडा काढून टाकलेला नसतो. म्हणून खावी जरूर, मोजून. आमची शेंगा चटणीही तशीच. चमचाभर असेल तर जेवणाला चव आणि थोडी प्रथिनं. भाजी म्हणून वाटीभर घेतली तर दोन भाकऱ्यांएवढ्या कॅलरी सहज होतात. गुळाचंही सांगते: शंभर ग्रॅम गूळ आणि शंभर ग्रॅम साखर यांच्या कॅलरींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

पंढरपूर जवळ असल्यानं आषाढीला अर्ध्या शहराला उपास असतो, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यात दाण्याचं कूट, बटाटा, सढळ तूप. एका भरल्या बशीत सहाशेच्या वर कॅलरी जातात. ज्यांना उपास करायचा आहे त्यांना मी मोडायला सांगत नाही. उकडलेलं रताळं, दह्यातली काकडी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादं फळ यांवर एकादशी नीट पार पडते. सणाचंही तसंच. होळीला दोन पुरणपोळ्या खाव्यात, तूप घालून खाव्यात. त्याच ताटातली भजी, कुरडई आणि भात मागे ठेवला तरी पुरे. वर्षातल्या दहा-बारा सणांनी वजन वाढत नाही. वाढतं ते उरलेल्या साडेतीनशे साध्या दिवसांनी.

काट्याइतकीच मला मोजपट्टी महत्त्वाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपण भारतीय हडकुळे दिसत असलो तरी चरबी बाळगून असतो, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून आपल्यासाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या जरा वर टेप लावून बघावं. रोज वजन करू नये. मीठ जास्त पडलं, पाळी जवळ आली की किलोभर पाणी सहज वाढतं आणि जीव उगाच घाबरा होतो.

आता वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल विचारणारे वाढलेत. मौंजारो आणि वेगोवी दोन्ही 2025 मध्ये भारतात आली. औषधं प्रभावी आहेत आणि डॉक्टरांना गरज वाटली तर जरूर घ्यावीत. पण वेगोवीतलं औषध, सेमाग्लुटाइड, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं पाहणीत दिसलेलं आहे. तेव्हा ती चालू असतानाच ताटही बसवून घ्यायला हवं, आणि प्रथिनं तर आवर्जून, कारण भूक मेलेली असताना लोक नुसत्या चहा-टोस्टवर दिवस काढतात.

बाकी सगळं किराणा दुकानात ठरतं. पुढच्या महिन्याची यादी लिहिताना तेलाची एक पिशवी कमी लिहा, साखर किलोभर कमी लिहा. मटकी, हुलगे, चवळी अर्धा अर्धा किलो वाढवा. फरसाण आणि क्रीमच्या बिस्किटांच्या जागी फुटाणे. घरात जे नाही ते रात्री दहा वाजता खाल्लं जात नाही. एकाच माणसासाठी वेगळा स्वयंपाक करण्यानं काही टिकत नाही, आणि ते एक माणूस बाई असेल तर मुळीच नाही, कारण दोन स्वयंपाक तीच करते आणि शेवटी सगळ्यांचंच खाते. भाज्या वाढवायच्या म्हणजे काम वाढतं, हेही खरं. मेथीच्या दोन जुड्या निवडायला, धुवायला, चिरायला अर्धा-पाऊण तास जातो. तो कुणी द्यायचा, हे त्या पहिल्याच भेटीत ठरवून घेते मी. त्या शिक्षिकेच्या चिठ्ठीवर आहाराच्या खाली लिहिलं होतं, 'पालेभाजी निवडणे: मंगळवार, शुक्रवार: श्री.' आणि शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली होती.